मुंबईला जाणारी गाडी घाट उतरते, तरी ती 'अप' कशी?

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
नमस्कार मंडळी. प्रश्न माझा नाही, माझ्या लेकीचा आहे, सहावीत शिकते. परवा इंग्रजीच्या वहीत विरुद्धार्थी शब्द लिहीत बसलेली, अप म्हणजे वर, डाऊन म्हणजे खाली, झालं, पुढचा शब्द. मी मिरजेला नोकरीला आहे, अकरा वर्षं रोज रेल्वेनं अप-डाऊन करतो. रविवारी मिरजेत काम होतं म्हणून तिला पण घेऊन गेलो. फलाटावर मी सहज बोललो की आपली जाताना अप गाडी आणि येताना डाऊन. तर ती म्हणाली, "मुंबईकडची अप का? मुंबई समुद्राला टेकलीय आणि आपण पठारावर. भूगोलात आहे की." आणि स्टेशनच्या पिवळ्या पाटीकडं बोट केलं, त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते बघा. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास. म्हणजे गाडी खंडाळ्याचा घाट उतरून खाली जाती आणि नाव अप, आणि तोच घाट चढून आपल्याकडं येती ती डाऊन!

मला उत्तर आलं नाही. "तसंच म्हणतात" म्हणून विषय मिटवला असता, पण तिचा पुढचा प्रश्न मनाला लागला. "म्हणजे आपण मुंबईच्या खालचे का?"

जाणकारांनी सांगा. आणि हे दोन शब्द तुमच्याकडं कुठं कुठं असे उलटे वागतात तेही लिहा, सगळं तिला वाचून दाखवणार आहे.

कात्रज_बोगदा
दादा, छान प्रश्न. रेल्वेत साधारणपणे मुख्यालयाकडे किंवा मोठ्या टर्मिनसकडे जाते ती अप, तिथून लांब जाते ती डाऊन. उंचीचा संबंध नाही.

उभा_मारुती_चौक
दादा न्हवं भावा, ताई हायत त्या.

कात्रज_बोगदा
अरे! "करतो", "बोललो" वाचून माझा गैरसमज झाला. ताई, माफ करा.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
माफी कशाला ओ. आमच्यात बायका पण येतो-जातोच म्हणतात. लग्न होऊन पुण्याला गेलेल्या माझ्या बहिणीला तिथं पहिलं वर्षभर सगळे हसायचे, तरी तिनं सोडलं नाही.

लाल_हिरवी_झेंडी
ताई, मी रेल्वेत ३४ वर्षं गार्ड म्हणून काढली, त्यातली बरीच पुणे-मिरज-कोल्हापूर लाईनवर. तुमच्या मुलीनं जे विचारलं ते मला नोकरीत लागल्यावर दोन वर्षांनी सुचलेलं, तिला माझा आशीर्वाद सांगा.

ही पद्धत इंग्रजांकडून आली. त्यांच्याकडं लंडनकडं जाणारी गाडी अप, लंडनहून निघालेली डाऊन. लंडन काय डोंगरावर नाही, टेम्स नदीच्या काठी सखल भागात आहे. पण राजधानी मोठी, तिथं माणूस "वर" जातो अशी बोलण्याची रीत. आपल्याकडं १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, पुढं लाईन वाढत गेली ती मुंबईपासनंच. त्यामुळं मुंबईकडं तोंड ते अप, मुंबईकडं पाठ ते डाऊन. मुंबईच्या लोकलमध्ये पण तेच, सीएसएमटीकडं किंवा चर्चगेटकडं अप. आपली मिरज-कोल्हापूर लाईन १८९१ ची, ती मोठ्या लाईनला जोडली आणि आपणही त्याच हिशेबात आलो.

आता घाटाचं. डाऊन गाडी कर्जतला आली की तिला मागनं जादा इंजिनं लावतात, बँकर म्हणतात त्यास्नी. ती मागनं रेटा देत लोणावळ्यापर्यंत वर चढवतात. म्हणजे डाऊन गाडीला वर ढकलायचं काम! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पण ड्रायव्हरसाहेबांना हेच विचारलेलं. ते म्हणाले, "कागदावरचं डाऊन वेगळं, चाकाखालचं वेगळं."

नंबरवरनं पण ओळखता येतं. मुंबईहून येणारी महालक्ष्मी १७४११, इथनं जाणारी १७४१२. कोयना येताना ११०२९, जाताना ११०३०. डाऊनला विषम, अपला सम, अशी जुनी रीत. मुलीला सांगा, पुढच्या वेळी डब्यावरची पाटी वाच.

आणि "आपण खालचे का" तर अजिबात नाही. ते फक्त तोंड कुठल्या दिशेला आहे त्याचं नाव आहे.

उभा_मारुती_चौक
काका नाद खुळा! कर्जतला कितीदा वडा खाल्ला पण मागं इंजिन लागतंय हे आज कळलं.

गारगोटीचे_मास्तर
गार्डसाहेबांनी इंग्रजांचा उल्लेख केला म्हणून थोडं लिहितो, मी ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं. ऑक्सफर्डला शिकायला जायचं तर तिथले लोक "अप" गेला म्हणतात, मग तो घरून कुठल्याही दिशेनं येवो. आणि विद्यापीठातून काढून टाकलं तर "सेंट डाऊन". न्यायालयात शिक्षा होऊन तुरुंगात गेला तरी "सेंट डाऊन" च. म्हणजे हे शब्द मानाच्या जागेकडं आणि मानाच्या जागेपासून असे चालतात.

पण मला सगळ्यात जास्त आवडतं ते "डाऊन" या शब्दाचं मूळ. जुन्या इंग्रजीत "डून" म्हणजे टेकडी. टेकडीवरनं उतरणं याला ते "ऑफ डूने" म्हणायचे, पुढं झिजत झिजत पहिला तुकडा पडला आणि उरलेल्या "डाऊन" चा अर्थ खाली असा झाला. म्हणजे ज्या शब्दाचा अर्थ आज खाली, तो मुळात उंचवट्याचं नाव होता! दक्षिण इंग्लंडमध्ये खडूच्या टेकड्यांच्या रांगा आहेत, त्यांना आजही साउथ डाउन्स, नॉर्थ डाउन्स म्हणतात. तिथं माणूस चढून डाउन्सवर जातो. वर्गात मी हे फळ्यावर डोंगर काढून सांगायचो आणि मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करायची.

नऊवारी_ट्रेकर
मास्तर, मग डाऊन जॅकेट? ते पण टेकडीवरचं का? हिमालयात जाताना भाड्यानं घेतलेलं.

गारगोटीचे_मास्तर
नाही, तो वेगळाच शब्द. पक्ष्याच्या अंगालगतची मऊ पिसं म्हणजे डाऊन, तो नॉर्स भाषेतून आला. उच्चार आणि स्पेलिंग एक, कूळ वेगळं.

वायरमन_उद्यमनगर
रेल्वेचं सोडा, तुमच्या घरातच बघा. भिंतीवरचं बटण खाली दाबलं की लाईट लागते, वर केलं की जाते. आणि त्याच घरात मेन बोर्डावर एमसीबी, त्याची दांडी वर असली की चालू, ट्रिप झाली की खाली. एका घरात दोन कायदे! माझ्याकडं शिकायला येणारी पोरं पहिल्या आठवड्यात हमखास इथं गोंधळतात, म्हणून मी पहिल्याच दिवशी दोन्ही हातात देऊन खालवर करायला लावतो. माझा चुलतभाऊ अमेरिकेत आहे, तिकडं भिंतीवरचं बटण वर केलं की चालू. तो दोन वर्षांनी घरी आला तेव्हा आठ दिवस अंधारात चाचपडत हुता. आणि जिन्यात टू-वे बटण असलं तर कुठल्याच देशाचा नियम लागत नाही, खालनं कुणी दाबलंय त्यावर वरचं ठरतं.

दहाचाकी
अप्पर-डिप्पर राहिलं की. डिप्पर म्हणजे मुळात दिव्याचा झोत खाली घेणं, समोरच्याच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून. पण आपण "डिप्पर मार" म्हणतो तेव्हा काय करतो? अप्पर देतो, खाली घेतो, परत अप्पर. समोरच्याला दिसतो तो वरचा झोतच. आणि त्याचा अर्थ पण एक न्हाई. कुणी डिप्पर मारतो म्हणजे "थांब, मी येतोय", कुणी मारतो म्हणजे "ये बाबा, तू आधी निघ". फोंडा घाटात रात्री चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्यानं थांबायचं, हे आम्हाला वस्तादानं शिकवलं. तिथं वर-खाली चुकलं तर जिवाशी गाठ.

सात_नंबर_जर्सी
फुटबॉलवाले कुठं गेले? शाहू स्टेडियमवर आपली टीम "वन डाऊन" म्हणजे एका गोलनं मागं, पेठेत जेवण गोड लागत नाही.

ओपनिंग_बॅट
आणि क्रिकेटमध्ये "वन डाऊन" म्हणजे एक विकेट पडल्यावर येणारा, तिसऱ्या नंबरचा फलंदाज, टीममधला भरवशाचा गडी! माझ्या पोराला तालुक्याच्या टीममध्ये वन डाऊनला घेतलं म्हणून पेढे घेऊन साडूकडं गेलो, साडू फुटबॉलवाला, तो म्हणाला, "होऊ दे, अजून सेकंड हाफ हाय." अर्धा तास दोघं वेगवेगळ्या गोष्टीवर बोलत होतो.

सात_नंबर_जर्सी
😂😂 साडूचं बरोबर हाय.

खासबाग
कुस्तीत सुद्धा खाली गेलेला पैलवान हरलेला नसतो, पाठ टेकली तर हार. खाली बसून दम धरणारा आणि मग वरच्यालाच उचलून टाकणारा गडी मी डोळ्यांनी बघितलाय. मैदान पण बघा, खासबाग खोलगट आहे, आखाडा मधे खाली आणि माणसं वर चढत गेलेली. सगळ्यात मान त्या खालच्या मातीला.

कोडंप्रेमी_राजारामपुरी
इंग्रजी शब्दकोड्यात ॲक्रॉस आणि डाऊन असतं. आपल्या मराठी कोड्यात आडवे शब्द आणि उभे शब्द. म्हणजे त्यांचं डाऊन ते आपलं "उभं"! एकाच घरातल्या चौकटी, ते वरून खाली बघतात आणि आपण म्हणतो शब्द उभा राहिलाय. ताई, मुलीला हे नक्की सांगा, मला फार गोड वाटतं ते.

हिंजवडीतला_कोल्हापूरकर
आमच्या ऑफिसात सर्व्हर डाऊन म्हणजे बंद, अप म्हणजे चालू. पण "टाइम इज अप" म्हणजे वेळ संपली. "गेम इज अप" म्हणजे खेळ खलास. मग अप म्हणजे चालू का संपलं? आणि गाडीचा वेग कमी करायला इंग्रजीत "स्लो डाऊन" पण चालतं आणि "स्लो अप" पण चालतं, अर्थ तोच. घर जळालं तर "बर्न डाऊन", कागद जळाला तर "बर्न अप". सगळ्यात मोठा घोळ माझा झाला. अमेरिकेतल्या टीमला मी शनिवारी थोडं काम करणार का विचारलं, एकानं लिहिलं "आय ॲम डाऊन". मला वाटलं बिचारा आजारी आहे नाहीतर मनानं खचलाय. मी काळजीनं लिहिलं की विश्रांती घे, काम मी बघतो. त्याला म्हणायचं होतं की मी तयार आहे! "आय ॲम अप फॉर इट" आणि "आय ॲम डाऊन फॉर इट" दोन्हीचा अर्थ हो.

गारगोटीचे_मास्तर
अप चा "संपूर्ण" असा एक अर्थ आहे. "ईट अप" म्हणजे सगळं खाऊन टाक, "ड्रिंक अप" म्हणजे पेला रिकामा कर. भांडं काठोकाठ भरलं की भरायचं संपलं, तशी कल्पना करा. आपणही "पोतं वर आलं" म्हणतो तेव्हा भरलं असंच म्हणतो की. "टाइम इज अप" त्याच अंगाचं, वेळेचं माप भरलं.

हिंजवडीतला_कोल्हापूरकर
माप भरलं! सर, हे आता डोक्यातनं जाणार नाही.

एकवीस_मार्च
विषय हलकाफुलका चाललाय, पण मला एक लिहायचं आहे, समजून घ्या. माझ्या मुलाला डाऊन सिंड्रोम आहे, आता १४ वर्षांचा आहे. लोकांना वाटतं डाऊन म्हणजे खाली, म्हणजे बुद्धी खालची. नातेवाइकांपैकी एकांनी तोंडावर विचारलं होतं, "डाऊन आहे म्हणजे कितपत खाली?" त्या दिवशी मी घरी येऊन रडले. हे नाव खाली या अर्थाचं नाहीच. जॉन लँगडन डाऊन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १८६६ मध्ये या मुलांचं वर्णन लिहिलं, ते त्यांचं आडनाव. आपल्याकडे कुणाचं आडनाव उंचे किंवा खालकर असावं तसं. कारण पेशीत आहे, एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, आणि म्हणूनच तिसऱ्या महिन्याची एकवीस तारीख, २१ मार्च, हा जागतिक दिवस पाळतात. माझं इथलं नावही त्यावरूनच.

माझा मुलगा रोज संध्याकाळी रंकाळ्यावर माझा हात धरून पूर्ण फेरी मारतो आणि दमते ती मी. ताई, तुमच्या लेकीच्या वहीत "डाऊन" चा हा अर्थ पण लिहा, की हे एका माणसाचं आडनाव आहे.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
ताई, आत्ताच वाचून दाखवलं. ती गप्प बसून ऐकत होती, मग वही आणली आणि स्वतः लिहिलं. तिच्या वर्गात शेजारच्या बाकावर असा एक मुलगा आहे, तिनं मला आजवर सांगितलंच नव्हतं कारण तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. रंकाळ्यावर भेटूया एकदा, खरंच.

एकवीस_मार्च
नक्की. पदपथाच्या बाजूला असतो आम्ही, साडेसहाला.

शिरोळ_खालचा_मळा
आमच्याकडं वर-खाली म्हणजे नदी. पंचगंगा कोल्हापुराकडनं येती, नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळती, म्हणून कोल्हापूर आम्हाला वरच्या अंगाला आणि आम्ही खालच्या. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी मोबाईलवर बघत बसायचं, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ ला बघितलं, कोल्हापुरात "पाणी डाऊन झालं" म्हणून लोक एकमेकांना आनंदानं कळवत होते, आणि तेच पाणी आमच्या दारात चढत होतं. त्यांचं डाऊन ते आमचं अप. आमच्या आत्तीनं तेव्हा फोनवर भावाला विचारलेलं, "उतरलं म्हणतोस, पर उतरून गेलं कुठं?" तवापास्नं मी "पाणी डाऊन" कधी लिहीत न्हाई, गावाचं नाव घालून किती फूट ते लिहितो.

उभा_मारुती_चौक
दादा, खरं सांगितलंत. आम्ही पण तेच मेसेज पुढं पाठवत होतो त्या वेळी. इथनं पुढं गावाचं नाव घालणार.

भूगोल_माझा_आवडता
नदीवरून आठवलं. इजिप्तमध्ये "अपर इजिप्त" देशाच्या दक्षिणेला आहे आणि "लोअर इजिप्त" उत्तरेला, समुद्राकडे. नकाशात बघितलं तर अपर खाली आणि लोअर वर! कारण नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, त्यांनी नाव नदीच्या उंचीवरून दिलं. उत्तर म्हणजे वर हे आपल्या डोक्यात नकाशानं बसवलंय.

वेदपाठशाळा_पंचगंगा_घाट
नकाशानंच असं नाही. "उत्तर" या संस्कृत शब्दाचाच अर्थ "अधिक वरचा", उद् पासून. आणि दक्षिणेला "अवाची" असाही शब्द आहे, म्हणजे खालच्या बाजूची. दक्षिण म्हणजे उजवी, पूर्वेला तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताची दिशा. म्हणजे आपल्याकडेही दिशा ठरते ती उभं राहणाऱ्याच्या तोंडावरून, गार्डकाका म्हणाले तसंच.

गगनबावडेकर
आमच्यात सोपं हाय. करूळ घाटानं खाली गेलं की कोकण, वर आलं की देश. कोकणात "उतरायचं" आणि घाटावर "चढायचं". इथं कागदावरचं आणि चाकाखालचं एकच. ताई, पोरीला एकदा घेऊन या, पावसाळ्यात ढग पण खाली दिसतात.

कात्रज_बोगदा
ढग खाली! म्हणजे इथेही नियम मोडलाच की 😀

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
मंडळी, परत मूळ प्रश्नावर येतो. काल गार्डकाकांनी सांगितलं तसं ती स्टेशनवर वही घेऊन बसली, नंबर लिहायला. महालक्ष्मी बरोबर, कोयना बरोबर. पण दुपारी गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस लागली, त्यावर ११०३९. विषम! म्हणजे डाऊन. पण गाडी तर मिरज-पुण्याकडंच निघाली, त्याच रुळावरनं, मुंबईकडं तोंड करून. ती म्हणाली, "काकांचं चुकलं." मी म्हटलं, थांब, विचारतो.

लाल_हिरवी_झेंडी
काका चुकले न्हाईत, पण पोरगीनं नेमकी तीच गाडी धरली बघा! शाब्बास. ही गाडी कोल्हापूरहून पुण्यापर्यंत मुंबईच्या दिशेनं जाती, म्हणजे चालायला अप. पुण्यात तिचं तोंड फिरतं, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावतात, आणि दौंडकडं निघाली की मुंबईकडं पाठ, म्हणजे डाऊन. एकच गाडी, त्याच डब्यात तीच माणसं, अर्धी वाट अप आणि पुढची डाऊन. नंबर मात्र एकच ठेवावा लागतो. म्हणून मी नंबरला "रीत" म्हटलं, कायदा न्हाई म्हटलं.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
काका, तिनं लगेच वहीत अप × डाऊन च्या समोर लिहून टाकलं, "महाराष्ट्र एक्सप्रेस, दोन्ही." बाई काय म्हणतील ते उद्या कळेल, पण मी खोडू देणार नाही. आणि आता विचारतेय, पुण्यात नुसती उभी असते तेव्हा ती काय, अप का डाऊन?

लाल_हिरवी_झेंडी
आली ती अप म्हणून आली, सुटायचा सिग्नल मिळाला की डाऊन. मधल्या वेळात तिला काहीच नाव नसतं, माणसं खाली उतरून चहा पितात.